जुन्या रकान्यात राहिलेले

अंबिकाला कुणी विचारलं की तू काय काम करतेस, तर ती ‘कंप्युटरचं’ एवढं म्हणून मोकळी व्हायची. तिचे वडील कडूबा जन्मभर मेंढरांमागं चाललेले. त्यांनी एकदा हट्टाला पेटून विचारलं होतं आणि तिनंही हट्टानं सांगून पाहिलं होतं.

“लोक आपापला पासवर्ड टाकत्यात दादा. तो कुणाला कळू नये, चोरालाबी नाय आन् मालकालाबी नाय, अशी तजवीज मी करते.”

“म्हंजी लोकायच्या चाव्या तुझ्यापाशी असत्यात.”

“नाय. माझ्यापाशी कायच नसतं.”

“मग पगार कशाचा देत्यात तुला?” कडूबा म्हणाले, आणि पुढं वर्षभर ही गोष्ट वस्तीवर येईल त्याला सांगून हसत राहिले.

हसण्यासारखी होती, पण खोटी नव्हती. शहरात, उस्मानपुऱ्यात एका चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर तिचं ऑफिस होतं. पाच माणसं, दोन खिडक्या आणि मालक काकासाहेब. काकासाहेबांनी गावची बागायत भावावर सोपवून हा धंदा काढला होता, पण आवाज अजून बांधावरून हाक मारल्यासारखाच लागायचा. सहकारी संस्थांना ते डेटाबेस करून देत. त्यातली सगळ्यात मोठी होती मेंढपाळांची एक संस्था. प्रत्येक वस्तीवरचं कुणीतरी चार बुकं शिकलेलं माणूस फोनवर नोंद करायचं: किती कोकरं झाली, किती मेंढरं दगावली, लस कधी टोचली. नोंद असेल तरच औषधाची गाडी वस्तीवर यायची. असे नोंद करणारे चार हजारांच्या वर होते, आणि प्रत्येकाचा आपला एक पासवर्ड होता.

हे सॉफ्टवेअर मुळात दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं. त्या भल्या माणसानं पासवर्ड जसेच्या तसे ठेवले नव्हते, एवढे उपकार. त्यानं त्यांचा हॅश करून ठेवला होता. हॅश म्हणजे गिरणी समजा. वरून शब्द टाकला की खालून ठरावीक लांबीची, काही म्हणता काही अर्थ न लागणारी अक्षरांची माळ पडते. तोच शब्द टाकला तर दर वेळी तीच माळ. पण माळेवरून शब्द परत मिळत नाही. पिठावरून कुठं कणीस मिळतं? माणूस लॉगिन करतो तेव्हा कंप्युटर त्याचा शब्द पुन्हा दळतो आणि आधी जपून ठेवलेल्या पिठाशी ताडून पाहतो. जुळलं तर ये आत. शब्द काय होता हे त्याला शेवटपर्यंत माहीत नसतं.

भानगड एवढीच की ती जुनी गिरणी फार चपळ होती. एमडीफाइव्ह तिचं नाव. ह्या माळांचं टेबल, म्हणजे तक्ता, चोराच्या हाती लागलं तर सेकंदाला कोट्यवधी शब्द दळून तो जुळणी करत बसू शकतो, आणि लोक शब्द तरी कसले ठेवतात! बायकोचं नाव, गाडीचा नंबर, नाहीतर बिरोबा आणि त्यापुढं एक-दोन-तीन. वर मिठाचा पत्ता नाही. ह्या धंद्यात मीठ म्हणजे प्रत्येकाच्या शब्दात दळण्याआधी टाकायची वेगवेगळी चिमूट. ती असली की दोघांनी एकच शब्द ठेवला तरी पीठ वेगळं निघतं, आणि चोराला प्रत्येकासाठी नव्यानं राबावं लागतं.

तर जुनी गिरणी बंद करून नवी, मुद्दाम सावकाश दळणारी, मीठ घालणारी बसवायची, हे काम काकासाहेबांनी अंबिकाला दिलं. अडचण अशी की जुन्या पिठाचं नवं पीठ होत नाही. त्याला मूळ दाणाच लागतो, आणि दाणा फक्त ज्याच्या त्याच्या डोक्यात. मग तिनं असा कोड लिहिला की माणूस पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा जुन्या पद्धतीनं त्याला ओळखायचं आणि त्याच क्षणी, शब्द हातात आहे तोवर, तो नव्या गिरणीत दळून घ्यायचा. जुना हॅश पुसायचा. टेबलात एक रकाना वाढवला: जुना की नवा. म्हणजे काम आपोआप होत जाणार. जो येईल तो नव्यात जाईल.

आणि जो येणारच नाही तो जुन्यातच राहील. हे कोड लिहिताना तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात तीन हजार नव्यात गेले. मग वेग मंदावला. आठशे, चारशे, दीडशे. चौदा महिन्यांनी जुन्या रकान्यात एकसष्ट उरले आणि आकडा हलेनासा झाला. काकासाहेब म्हणाले, यादी काढ आणि संस्थेच्या सचिवांना विचार, ही माणसं आहेत कुठं. सचिव सर्जेराव मोठे बोलघेवडे गृहस्थ. ती नाव वाचायची आणि ते पलीकडून चहाचा घोट घेत सांगायचे, “ती नांदायला गेली... तो पुण्याला वॉचमन हाय... हे म्हातारं गेलं की मागच्या पोळ्याला... ही गेली, बाळंतपणात... हा गेला.” ती नावापुढं खूण करत गेली. अर्ध्याहून जास्त खुणा एकाच प्रकारच्या झाल्या. तिला वाटलं, आपण केली सुरक्षेची सोय आणि झाली ही मेलेल्यांची वस्ती. ज्यांचा शब्द आता कुणाच्याच डोक्यात नाही, ते सगळे इथं एकत्र येऊन बसलेत.

एक नाव तिनं वाचलं नाही. खालून नववं. सर्जेरावांनीच विचारलं, “आन् आपला हनुमान? तो बी त्यातच आसंल ना, पोरी?”

“हाय,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

हनुमान तिचा धाकटा भाऊ. तेवीस वर्षांचा होता. वस्तीची नोंद तोच करायचा, तिनंच त्याला फोन घेऊन दिला होता आणि हे ॲप शिकवलं होतं. तो गेला तापानं. बुधवारी अंग भरून आलं, गुरुवारी त्यानं तिला फोन केला आणि ती म्हणाली, “शनिवारी येते. घाटीच्या दवाखान्यात घेऊन जाते तुला. तवर गोळ्या घे.” शनिवारी ती गेली नाही. त्याच रविवारी संध्याकाळी नवा हॅश चालू करायचा होता, दोन चाचण्या फसत होत्या, आणि तिनं फोन करून सांगितलं की सोमवारी नक्की. तो म्हणाला, “बरं अक्का.” रविवारी संध्याकाळी कोड बिनबोभाट चालू झाला, काकासाहेबांनी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. सोमवारी पहाटे हनुमान गेला.

तिनं न येण्याची ती काही पहिली वेळ नव्हती. दिवाळीला येते म्हणून आली नव्हती, बिरोबाच्या जत्रेला येते म्हणून आली नव्हती. पण त्या वेळी पुढची दिवाळी असायची. आता ह्या गोष्टीला पुढं काहीच नव्हतं. कुणी तिला बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. त्यानंतर वस्तीवर जाणं उलट कमीच झालं. बानाबाईच्या, म्हणजे आईच्या समोर बसायला नको म्हणून ती शहरातच कामं काढायची.

तिचं एक पाप तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. जुन्या रकान्यातली हनुमानची ओळ फोडता येण्यासारखी होती. बत्तीस अक्षरांची माळ तिच्यासमोर होती, गिरणी कमकुवत होती हे तिच्याइतकं कुणाला माहीत! एके दुपारी सगळे जेवायला गेले असताना तिनं एकेक शब्द दळून पाहिला. त्याच्या कुत्र्याचं नाव. त्याच्या लाडक्या मेंढीचं. गावच्या एका मुलीचं, जिच्याविषयी तिला नुसता संशय होता. आठ शब्द झाले, एकही जुळला नाही. मग तिला कळलं की ज्या चोरासाठी आपण हे सगळं करतो तो चोर आज आपणच आहोत. तिनं पडद्यावरची खिडकी बंद केली आणि तोंड धुऊन आली. त्याचा तो एकच शब्द जगात कुणाला ठाऊक नव्हता, आणि तो तिला हवा होता. का हवा होता हे तिला धड सांगता आलं नसतं. त्यानं बोललेलं सगळं संपलं होतं, आणि हे एक अजून ऐकायचं राहिलं होतं.

माघात एके दिवशी आकडा एकसष्टाचा साठ झाला.

तिनं सहज पाहिलं, कोण आलं. हनुमान आला होता.

सकाळी अकरा वाजून सात मिनिटं. एकदाच प्रयत्न, आणि तो बरोबर. एकही चूक नाही. तिच्याच कोडनं त्याला ओळखलं होतं, त्याचा शब्द घेतला होता, मीठ घालून सावकाश दळला होता आणि जुनी माळ पुसून टाकली होती. खाली नोंद होती: मेंढी क्रमांक चौदा, एक कोकरू झालं.

समोर काकासाहेब फोनवर कुणाला तरी झापत होते, खाली रस्त्यावर रिक्षा ठणाणत होत्या, भर दिवसाचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं, आणि ह्या सगळ्यात तिचा मेलेला भाऊ नुकताच येऊन एक कोकरू लिहून गेला होता. ती भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. पण कंप्युटरवर ठेवायची. आणि कंप्युटर सांगत होता की शब्द बरोबर होता.

चोर म्हणावा तर चोर एका मेंढीचं कोकरू लिहायला कशाला येईल? पण चोर असेल तर जुनं टेबल बाहेर फुटलंय, आणि हे काकासाहेबांना त्याच मिनिटाला सांगायला हवं. तिनं नाही सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, अकरा वाजून बारा मिनिटांनी. मेंढी क्रमांक एकोणीस, जुळी कोकरं. तिसऱ्या आठवड्यात लस. दर खेपेला एकच प्रयत्न, दर खेपेला अचूक. आता तर ती माळ नव्या गिरणीची होती, जिच्यातून तिलाही काही काढता येणार नव्हतं. आत जायचं दार तिनं स्वतःच्या हातानं चिणून घेतलं होतं. रोज सकाळी आल्याबरोबर ती आधी त्याची ओळ उघडायची, आला का म्हणून. न आलेला दिसला की हायसं वाटायचं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची.

काकासाहेबांना कळायचं ते कळलंच. महिनाअखेरीला जुना रकाना कायमचा बंद करायचा होता. मयत माणसांची खातीही बंद करायची, असं तपासणीवाल्यांनी बजावलं होतं. सर्जेरावांची खुणा केलेली यादी आणि टेबल त्यांनी शेजारी ठेवून पाहिलं आणि तिला बोलावलं.

“अंबिका, हा हनुमान कडूबा मयत आहे म्हणतात सर्जेराव. आणि इथं तर दर आठवड्याला येतोय. काय प्रकार आहे?”

“माझा भाऊ आहे, सर.” ‘होता’ म्हणायचं तिला सुचलं नाही.

काकासाहेबांनी यादी पालथी ठेवली. “मग असं कर,” ते हळू म्हणाले, “शुक्रवारपर्यंत शोध. घरचं कुणी असेल तर त्याच्या नावानं नवं खातं काढून दे, मेंढरं तिकडं वळव. घरचं कुणी नसेल तर मला फोन कर, मग रात्र का असेना. पण शुक्रवारी हे खातं बंद म्हणजे बंद. आणि तूच करायचं.”

जागेवर येऊन तिनं तारखा कागदावर उतरवल्या. तीन नोंदी, तिन्ही गुरुवारच्या, तिन्ही अकराच्या सुमाराच्या. आणि मग तिनं कपाळाला हात लावला. इतके दिवस ती सेकंद मोजत बसली होती आणि वार पाहिलाच नव्हता. गुरुवार म्हणजे छावणीतला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार. तिच्या घरचं माणूस गुरुवारी अकराला दुसरं कुठं असणार?

गुरुवारी ती रजा टाकून छावणीत गेली. बाजार फुलला होता. पिकअपमधून शेळ्या-मेंढ्या उतरत होत्या, दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदे करत होते, “देख लो चाचा, दांत देख लो” असा गिल्ला चालला होता. लेंड्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास नाकात शिरला तसं तिला एकदम आपण फार दिवस घरी गेलो नाही असं वाटलं. ती वास घेत घेतच चालली. मेंढरांच्या रांगेच्या मागं लिंबाच्या बुडाशी बानाबाई बसली होती. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, आणि पदराच्या सावलीत धरलेला हनुमानचा फोन. काचेला तडा गेलेला. डाव्या हातात फोन आणि उजव्या हाताचं एकच बोट काचेवर चाललेलं, न अडखळता.

बानाबाईला अक्षरओळख नव्हती. सही म्हणजे अंगठा.

अंबिका तिच्यासमोर मटकन बसली. बानाबाईनं वर पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखा फोन मांडीखाली सारला, मग स्वतःशीच हसून परत काढला.

“आलीस व्हय. मला वाटलंच, तुला तिथं दिसत आसंल.”

“माय, कधीपसून करतीस तू हे?”

“त्याचं वर्षसराध झाल्यावर. वर्ष होईस्तोर त्याच्या चीजवस्तूला हात लावायचा नाय, असं म्या ठरीवलं व्हतं. मग रामेश्वरनं यात नवं कार्ड टाकून दिलं. बाजारात आल्यावर त्या चहावाल्याकडं चार्ज करते, हितं रेंज बी लई चांगली हाय.”

रामेश्वर म्हणजे चुलतभाऊ. त्यालाही माहीत होतं तर. सगळ्या घराला माहीत होतं, आणि जी हे खातं रोज डोळे फाडून पाहत होती तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कधी, ती गेली होती कुठं?

“पण कशासाठी माय?”

बानाबाईला प्रश्नच कळला नाही. त्यांच्या घरची रीत होती की बारशाच्या दिवशी लेकराच्या नावानं एक मादी कोकरू वेगळं काढायचं. पुढं त्या मेंढीचा सगळा वेल त्या लेकराचा. अंबिकाच्या वाट्याची मेंढरं तिच्या कॉलेजात गेली. हनुमानची होती, वाढत होती. चौदा नंबर आणि एकोणीस नंबर त्याच वेलाच्या.

“त्याच्या मेंढ्या व्याल्या,” बानाबाई म्हणाली. “त्याच्या नावानं लिहाया नको? त्योच लिहायचा, आता म्या लिहिते. आकडं वळखते म्या, आन् चित्र असत्यात की त्याच्यात, कोकराचं, सुईचं. तूच केलीस म्हणं ती चित्रं.”

“माणूस गेल्यावर त्याचं खातं चालू ठेवता येत नाय, माय. उद्या बंद करावं लागतंय मला.”

“माणूस गेला. मेंढ्या कुठं गेल्यात?”

अंबिकानं डोळे पुसले, पदर नव्हता म्हणून ओढणीनं, आणि काकासाहेब जे म्हणाले होते ते समजावून सांगितलं. तुझ्या नावानं खातं काढू, ह्या मेंढ्या तिथं नेऊ, हनुमानचा वेल म्हणून वेगळी खूण ठेवू. बानाबाईनं नीट ऐकून घेतलं. मेंढरं वेगळी राहणार ना, एवढं दोनदा विचारलं. मग म्हणाली, “काढ.”

नवं खातं अंबिकाच्या फोनवरूनच निघणार होतं. नाव भरलं, नंबर भरला, पासवर्डाचा चौकोन आला. “आता शब्द ठेव माय. बारा अक्षरं तरी पायजेत. मी सांगू का एखादा सोपा?”

“त्योच ठेवते.”

“त्यो नको. दुसरा ठेव.”

“मला दुसरा येतच नाय.”

अंबिकानं फोन तिच्या हातात दिला आणि सवयीनं मान वळवली. कुणी पासवर्ड टाकत असलं की तिची मान आपोआप वळायची, दुकानात, बँकेत, कुठंही. पण बानाबाई अडली. हा फोन मोठा होता. “हितं घरं सरकल्यात सगळी,” ती कुरकुरली. “बोट चुकतंय. तूच दाब. म्या सांगते तसं.”

“माय, मला कळंल मग.”

“कळंना का. तू काय चोर हायेस?”

अंबिकानं फोन घेतला.

“तापात पडला तवा हात लई थरथरायचं त्याचं,” बानाबाई सांगू लागली. “म्हणला, माय मी सांगतो, तू दाब. असंच सांगायचा, घरं मोजून. ऐक. मधल्या वळीत, डावीकडं पार काठावर.”

ए.

“त्याच वळीत उजवीकडं, काठाच्या एक अलीकडं. दोनदा.”

के, के.

“परत डावा काठ.”

ए. अंबिकाचं बोट थांबलं. अक्का. आठ शब्द दळून पाहिले होते तिनं, कुत्रा, मेंढी, पोरगी. आपण स्वतः त्यात असू असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

“दाब की. परत उजवीकडं त्याच घरावर, एकदा. आता मागं ये, दोन घरं. आता वरच्या वळीत, उजव्या काठाच्या एक अलीकडं. वरतीच, डावीकडून पाचवं.”

के, एच, ओ, टी.

“खाली, डावा काठ. वर, चौथं. खाली तिसरं. आन् वर, उजवीकडून तिसरं. झालं.”

ए, आर, डी, आय.

चौकोनात बारा काळे ठिपके होते. अक्का खोटारडी. तो लिहीत होता, रोज, प्रत्येक कोकरासाठी, प्रत्येक लसीसाठी. आणि तो गेल्यावर त्याची आई, जिला ह्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, तिनं दर गुरुवारी भर बाजारात बसून तेच लिहिलं होतं, एकदाही न चुकता.

“काय लिहिलंय गं त्यात?” बानाबाईनं विचारलं. “म्या विचारलं तर सांगायचा नाय. नुसता हसायचा.”

तापातसुद्धा हसायचा का, हे अंबिकाला विचारायचं होतं. विचारवलं नाही.

“माझं नाव हाय, माय,” ती म्हणाली.

बानाबाईचा चेहरा उजळला. “बघ! आन् तू म्हणायचीस, मी येत नाय म्हणून रुसलाय. रोज तुझं नाव घ्यायचा म्हण की.” आणि तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, तो गेल्यापासून पहिल्यांदा. अंबिका तशीच बसून राहिली. तो हात बाजूला करावा असं तिला वाटत होतं आणि तो हलू नये असंही वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी तिनं हनुमानचं खातं उघडलं. मेंढ्या आईच्या खात्यावर वळवल्या, वेलाची खूण ठेवली. दोन्ही ओळी एकाखाली एक होत्या. शब्द तोच, पण मीठ वेगळं, म्हणून माळा एकमेकींना ओळखही देत नव्हत्या. काम नीट झालं होतं.

खातं बंद करायच्या बटणाच्या वर आणखी एक रकाना होता. पासवर्ड शेवटचा कधी बदलला, त्याची तारीख. शब्द जुन्या रकान्यात होता, म्हणजे तो त्या रविवार संध्याकाळच्या आधीचा, एवढं पक्कं होतं. एखाद्या दिवाळीतला असेल. चेष्टेत ठेवला असेल, तो तसाच होता, चेष्टेखोर. नाहीतर मग त्या शनिवारचा असेल, दिवसभर रस्त्याकडं पाहून झाल्यावरचा. एक नजर टाकली असती तर कळलं असतं.

अंबिकानं डावा तळहात पडद्याच्या त्या बाजूवर ठेवला आणि उजव्या हातानं बटण दाबलं. ओळ पुसली जात नाही, नुसती बंद होते. तारीख तिथंच आहे. ती अजून त्याच ऑफिसात काम करते, त्याच टेबलात दिवसातून दहा वेळा जाते, आणि त्या ओळीपाशी आली की भराभर खाली सरकते.